साडेचार मिनिटांच्या पुढे

सातवं नाव लिहून राजशेखरनं पेनाला टोपण लावलं आणि कागद टेबलावरून पलीकडे सरकवला. कागद दूध संघाच्या प्रयोगशाळेतला होता. वर फॅट, आम्लता आणि नमुना क्रमांकाचे रकाने छापलेले, आणि त्या रकान्यांना न जुमानता खाली सात खेळांची नावं.

"ह्याच क्रमानं खेळायचं," तो म्हणाला. "मधला सोडून पुढं उडी मारायची न्हाई."

समोरच्या बसवराजनं चष्मा कपाळावर ढकलला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. तो टेलिफोन खात्यातला लाइनमन, पन्नाशी ओलांडलेला, रविवारच्या पहिल्या एसटीनं निपाणीहून आलेला. महिन्यापूर्वी भंगारवाल्याकडे त्याला एक जुना घरगुती कॉम्प्युटर सापडला होता. कीबोर्डच्याच पोटात सगळं यंत्र, पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा, आणि खेळ कॅसेटवरून टेपरेकॉर्डरनं भरायचे. यंत्र चालू झालं, पण पुढे काय करायचं ते सांगणारं निपाणीत कुणी नव्हतं. मग कुणीतरी सांगितलं, कोल्हापुरात शिवाजी पेठेत एक माणूस आहे, दूध तपासतो, त्याला विचार.

राजशेखरला असं विचारणारे वर्षाकाठी तीनचार जण निघत. सांगलीहून एक प्राध्यापक, हुबळीहून एक घड्याळवाला, एकदा तर थेट चंद्रपूरहून पत्र आलं होतं. आता २००८ साली पोरंसोरंही मोबाइलवर खेळत असताना अठ्ठेचाळीस किलोबाईटच्या यंत्रावर जीव टाकणारी माणसं कुठे कुठे होती, आणि त्या सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा: साहसाचे खेळ खेळायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

राजशेखर हा प्रश्न दुधाच्या नमुन्याइतकाच गंभीरपणे घ्यायचा. सतरा वर्षं तो रोज चारशे नमुने तपासत होता आणि त्याच्या आकड्याबद्दल कुणाची तक्रार आलेली नव्हती. या खेळांत चित्रं फारशी नसतात. पडद्यावर चार ओळी उमटतात: तुम्ही एका तळघरात आहात, उत्तरेला दार आहे, कोपऱ्यात दिवा आहे. मग आपण दोन शब्द टाइप करायचे, दिवा घे, उत्तरेला जा, आणि यंत्र सांगेल ते सोसायचं. इंग्रजी नावं तोंडात बसत नाहीत म्हणून कॉलेजात असताना त्याच्या टोळक्यानं प्रत्येक खेळाचं बारसं केलं होतं. तीच नावं आता कागदावर होती.

"पहिला 'खारी खाण' का?" बसवराजनं विचारलं.

राजशेखरनं सांगितलं, की पहिला खेळ असा पाहिजे, ज्यात माणूस मेला तरी का मेला ते कळावं. 'खारी खाण'मध्ये तसं कळतं. दुसऱ्यात, म्हणजे 'आंधळ्या दिव्या'त, नकाशा काढल्याशिवाय गत नाही, म्हणून ग्राफपेपर आधीच आणून ठेवायचा आणि एक खोली म्हणजे एक चौकोन धरायचा. चौथा खेळ खोडसाळ आहे, तो पूर्वेला जा म्हटलं की कधीकधी पश्चिमेला नेतो. पण तोवर माणूस तयार झालेला असतो. सातवा दोन महिने पुरेल.

बसवराजनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि कागदाची घडी घालता घालता थांबला.

"सायेब, एक इचारू? ह्यात 'सात पाण्यांचं गाव' न्हाई."

राजशेखरनं टोपण लावलेलं पेन परत उघडलं. लिहायचं काही नव्हतं.

"हंबीरराव भेटलतं पुण्यात," बसवराज म्हणाला. "तुमच्या कॉलेजचं. त्यांनीच तुमचं नाव सांगिटलं की. म्हणालं, सगळ्यांत भारी खेळ त्योच. त्यांची कॅसेट बुरशीनं गेली, पर तवा तुमी त्यांच्याकडनं उतरवून घेतलाता म्हणं."

"घेतला हुता. आता चालत न्हाई ती. खराब झाल्या."

हे वाक्य तो अठरा वर्षं म्हणत आला होता. ते खोटं आहे की खरं, हेही त्याला नक्की माहीत नव्हतं. त्यानं तपासलंच नव्हतं.

चहा घेऊन आक्का बाहेर आली. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण शिवगंगा. आईबापाच्या माघारी या घराचं सगळं तिच्याच हातात होतं. राजशेखरनं लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे पेठेनं विचारायचंही आता सोडून दिलं होतं. आक्कानं पावण्यापुढे कप ठेवला आणि म्हणाली, "असंल तर दे की राजू. निपाणीस्नं आल्यात."

"खराब झाल्या म्हटलं न्हवं."

"कुठली कॅसेट?" आतल्या खोलीतून विद्याश्रीनं विचारलं. ती आक्काची मुलगी, याच वर्षी बी.एस्सी. झालेली. "मामा, मशीनच्या खोक्यात थर्माकोलखाली हाय ती का? दिवाळीला साफ करताना बघितली मी. चांगली हाय की. मी आणतो, थांबा."

राजशेखर काही बोलेपर्यंत ती कॅसेट घेऊन बाहेर आलीसुद्धा. पारदर्शक कॅसेट, आतली चाकं सोनेरी, वर नाव नाही. तिच्याभोवती बटर पेपर गुंडाळलेला आणि आत ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी. प्रयोगशाळेत उपकरणांच्या खोक्यांतून येतात तसली. ती पुडी तो दर जूनला बदलायचा.

आक्कानं कॅसेटकडे पाहिलं न पाहिलं आणि साखरेचा डबा ठेवायला आत गेली. तिला ओळख पटली नाही. पटायचं कारणही नव्हतं. असल्या सोनेरी चाकांच्या कॅसेटी घरात पाचसहा होत्या, सगळ्या दाजींनी मस्कतहून आणलेल्या.

दाजी म्हणजे आक्काचा नवरा, शिवशरण. तो मस्कतला बांधकामावर फोरमन होता. राजशेखरला हा कॉम्प्युटर त्यानंच अठ्ठ्याऐंशी साली आणून दिला होता, आणि वर पाच कोऱ्या कॅसेटी. पत्र लिहायचा त्याला कंटाळा. तो कॅसेटवर बोलून पाठवायचा. घरात सगळे मिळून ती ऐकायचे, आणि मग त्याच कॅसेटवर उत्तर भरून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती मस्कतला परत धाडायचे. एकच कॅसेट जायची आणि यायची. इकडचं उत्तर तिकडच्या पत्रावर बसायचं. त्यामुळे दाजींचं कुठलंच पत्र मागे राहत नसे, आणि कुणाला त्याचं काही वाटतही नसे. पुढचं येणारच असायचं.

नव्वदच्या मार्चमध्ये आलेलं पत्र तेवढं उत्तराविना राहिलं होतं. राजशेखर त्या दिवशी प्रॅक्टिकलला गेला होता, त्यानं ते ऐकलं नाही. आक्का अडीच वर्षांच्या विद्याला घेऊन माहेरी आली होती. घरभर माणसं, तिनं सगळ्यांदेखत एकदाच ऐकलं आणि निवांतपणे नंतर ऐकू म्हणून टीव्हीवर ठेवून दिलं. त्या टीव्हीवरच राजशेखरच्या कोऱ्या कॅसेटी असायच्या. चार दिवसांनी हंबीररावानं एका दुपारपुरती 'सात पाण्यांचं गाव'ची कॅसेट दिली. त्याच दुपारी पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाची मॅच होती. राजशेखरनं दोन कप्प्यांच्या टेपमध्ये एकीकडे खेळ घातला, दुसरीकडे हाताला लागली ती कॅसेट, बटणं दाबली आणि सगळं चालू ठेवून मैदानावर गेला. तो नेहमी तसंच करायचा. बाजू संपली की टेप आपोआप बंद पडायचा.

नऊ दिवसांनी मस्कतहून फोन आला. साइटवर जाताना गाडी उलटली होती.

दिवसकार्य उरकल्यावर आक्कानं कॅसेट मागितली. तेव्हा राजशेखरनं राहिलेल्या कोऱ्या कॅसेटी मोजल्या. एक जास्त निघाली, म्हणजे खेळ कोऱ्या कॅसेटवर भरलाच गेला नव्हता. त्यानं तिच्याबरोबर दोन दिवस सगळं घर उलटंपालटं केलं, ट्रंका उपसल्या, माळ्यावर चढला. कॅसेट त्याच्या कॉलेजच्या पिशवीत होती.

मागच्या बाजूला आवाज असेल म्हणून त्यानं ती तेवढी एकदा लावून पाहिली. तिकडे रेडिओवरचा शेतीचा कार्यक्रम निघाला. खेळाच्या बाजूला मात्र तो परत गेला नाही. तीस मिनिटांची बाजू, टेप चालू ठेवून तो दोन तास बाहेर होता. सगळं पुसलं गेलं असणार, हे उघड होतं. उघड गोष्ट कोण तपासतं.

"हां, चालू झाली बघा," बसवराज म्हणाला.

राजशेखर भानावर आला. विद्याश्रीनं टेपरेकॉर्डर यंत्राला जोडला होता. खेळ भरताना होतो तो किरकिराट खोलीत भरला, पत्र्यावर खिळा ओढावा तसा. टीव्हीच्या कडांवर निळ्यापिवळ्या रेघा धावत होत्या. बसवराज हात जोडल्यासारखे मांड्यांत धरून पुढे झुकला होता. साडेचार मिनिटांनी आवाज थांबला आणि पडद्यावर ओळी उमटल्या. तुम्ही एका कोरड्या विहिरीच्या काठावर आहात.

विद्याश्रीनं सवयीनं टेप बंद केला. खेळ भरला की टेप थांबवायचा, हा या यंत्राचा पहिला नियम. तो न पाळणारा माणूस राजशेखरला भेटलेला नव्हता.

बसवराज एकदम खुलला. रिकामी कॅसेट त्यानं सोबत आणलीच होती, त्याला या खेळाची नक्कल पाहिजे होती. आणि फुकट घ्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. पिशवीतून त्यानं आणखी एक कॅसेट काढली. "हा माझ्याकडचा येकच खेळ. तुमच्याकडं नसणार. तुमच्या ह्याच कॅसेटवर पुढं भरून देतो. पुढचा टेप रिकामाच असंल की."

त्यानं आपली कॅसेट दुसऱ्या कप्प्यात बसवली, आणि त्याचं बोट भरायच्या लाल बटणावर गेलं.

राजशेखरनं त्याचं मनगट धरलं. जोरात धरलं; कप कलंडला, चहा यादीवरून फॅटच्या रकान्यात पसरला.

"न्हाई," तो म्हणाला. "त्येच्यावर भरायचं न्हाई."

"का वं? काय हाय त्येच्यावर?"

आक्का दारात येऊन उभी राहिली होती. अजूनही सांगता आलं असतं की काही नाही, जुनी कॅसेट आहे, तुटेल. एवढं वाक्य ओठांवर तयार होतं. राजशेखरनं बसवराजचं मनगट सोडलं.

"दाजींचं पत्र हुतं त्येच्यावर," तो म्हणाला. तो बहिणीकडे न बघता टेपकडे बघत बोलत होता. "शेवटचं. मी कोरी समजून गेम भरला. तुझ्यासंगं हुडकत हुतो तवा ती माझ्या पिशवीत हुती."

आक्कानं हातातला ओला फडका नीट घडी करून टेबलावर ठेवला.

मध्येच विद्याश्री म्हणाली, "पण मामा, गेम तर साडेचार मिनिटांचा हाय." तिचं डोकं आपसूक हिशोबाकडे वळलं होतं. "अठ्ठेचाळीस किलोबाईट, सेकंदाला दीड हजार बिट. साडेचार मिनिटांच्या वर जातच न्हाई. बाजू तीस मिनिटांची. मग उरलेलं?"

"टेप चालू ठिवून मॅचला गेलतो मी. आवाज नसला तरी बटण दाबलेलं असतंय. पुसत जातंय."

"ऐकलाईस का?" विद्याश्रीनं विचारलं.

राजशेखरनं नकारार्थी मान हलवली.

"अठरा वर्षांत?"

दुधात पाणी आहे की नाही, हे तो वास घेऊन कधी सांगत नसे. शेतकरी कितीही शपथा घेवो, तो नमुना तपासायचा. ही एक बाजू तेवढी त्यानं तपासली नव्हती. न तपासलेल्या कॅसेटवर काहीतरी असण्याची जागा शिल्लक राहते, आणि तेवढ्या जागेवर त्याचे अठरा जून निघाले होते.

"लाव," आक्का म्हणाली.

टेप जिथे थांबवला होता तिथून पुढे सुरू झाला. नुसती सरसर. बसवराज उठून उभा राहिला, त्याला जावं की थांबावं कळेना. अर्धं मिनिट गेलं. विद्याश्री घड्याळाकडे पाहत होती. एक मिनिट. दोन मिनिटं झाली तेव्हा राजशेखरनं बंद करायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाली.

मग टक् असा आवाज आला, आणि त्याला लागूनच, अर्ध्या वाक्यातून, एक माणूस बोलायला लागला.

"...म्हणून टाकी आमी भिताडाच्या सावलीला ठेवलीया. पाणी गार ऱ्हातंय."

बसवराज पायांच्या बोटांवर चालत बाहेर गेला आणि उंबऱ्याबाहेर, आपल्या चपलांशेजारी, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

आवाज जाड होता, जरा घाईतला. हवा, जेवण, सोबतच्या केरळी पोराला झालेली कावीळ. "विद्या आता लई बोलत असंल. तिला दाजी म्हणाया लावू नगा. राजू म्हणतोय म्हणून ती बी मला दाजीच म्हणतीया, मागच्या टेपात ऐकलं म्या. हितली पोरं हसत्यात मला."

विद्याश्रीनं तोंडावर हात ठेवला. हसू होतं की काय, ते तिलाही सांगता आलं नसतं. बापाचा आवाज कसा होता, हे आतापर्यंत तिला कुणी सांगू शकलं नव्हतं. तो मामाच्या आवाजासारखा असेल, असं तिनं मनाशी धरून ठेवलं होतं. अजिबात तसा नव्हता.

"आन् राजूला सांगा, त्या मशीनचं गेम हितं लई मिळत्यात. आडव्हेंचरमधी कंचा घ्यावा, मला कळंना. दुकानदार कायबी सांगतोय. राजूला इचारून उत्तराच्या टेपात नाव भरून धाडा. त्यो सांगंल त्योच आणतो."

पुढे आणखी काही बोलणं होतं, एका म्हशीबद्दल, आणि मग ठेवतो आता, असं म्हणून तो थांबला. उरलेली बाजू मुळातच कोरी होती. टेप शेवटापर्यंत गेला आणि आपोआप बंद पडला.

"सहा-साडेसहा मिनिटं गेली फक्त," विद्याश्री म्हणाली. "मधीच कुणीतरी बंद केलाय. तो टक् तोच."

"अव्वा," आक्का आणि राजशेखर एकदमच म्हणाले.

अव्वा म्हणजे त्यांची आई, अंबूबाई. जाऊन तिलाही दहा वर्षं झाली होती. रिकामं चाललेलं काही तिला बघवायचं नाही. माणूस नसलेल्या खोलीतला पंखा, आवाज नसलेला रेडिओ, जे दिसेल त्याचं बटण ती भिंतीवरच्या बोर्डावरून खटकन पाडायची. मुका टेप आपला फिरतोय आणि लाइट जाळतोय, हे तिनं दोन मिनिटं कसंबसं सहन केलं असणार. राजशेखर मॅच बघून आला तेव्हा टेप गप्प होता. त्यानं बटण उचललं, कॅसेट काढली, आणि ती कुठवर फिरली आहे हे काचेतून दिसत असताना पाहिलं नाही. तालीम दोन गोलांनी जिंकली होती.

तो खाली बसला. अंग हलकं लागत होतं, ताप उतरल्यावर लागतं तसं.

"आक्का," तो म्हणाला, "सुरुवातीचं गेलंच."

"सुरुवातीला माझं नाव घेतलंय आणि प्रकृती इचारलीया. मग गारव्याला शाल घ्या म्हणलंय." तिनं फडका उचलून टेबलावरचा चहा टिपायला घेतला. "ते मला पाठ हाय. एकदाच ऐकलं तरी. पुढचं मात्र मी समदं इसरलोतो बघ. तुझा निरोप बी. तुला सांगायचाच ऱ्हायला."

टेबल कोरडं करून तिनं विचारलं, "काय सांगिटलं असतंस? कंचा आणायला?"

राजशेखरनं विचार करायला वेळ घेतला. कुणीही विचारलं तरी तो घ्यायचाच. "'सात पाण्यांचं गाव'च," तो म्हणाला.

"मग झालं की," आक्का म्हणाली. "बोलव त्या पावण्यांना आत. बाहीर उन्हात उभं ऱ्हायल्यात."

नक्कल काढताना तिघंही टेपभोवती उभे राहिले. साडेचार मिनिटं होताच विद्याश्रीनं एक बटण दाबलं आणि बसवराजनं दुसरं, आणि मग राजशेखरनं दोन्ही परत तपासली. चहानं भिजलेली यादी त्यानं नव्या कागदावर उतरवून काढली, रकाने छापलेल्या तसल्याच. खाली आठवं नाव लिहिलं. 'सात पाण्यांचं गाव', शेवटी खेळणे. बसवराजनं आपल्या खेळाची कॅसेटही त्याला देऊन टाकली, आणि जाताना पायरीवर उगाचच दोनदा म्हणाला, की लई झालं, लई झालं सायेब.

तो गेल्यावर आक्कानं मस्कतची कॅसेट हातात घेतली. पाठीला दोन बारीक प्लास्टिकचे कान असतात, ते मोडले की त्या कॅसेटवर परत काही भरता येत नाही. दाजींनी ते कधी मोडले नव्हते, इकडून उत्तर यायचं असायचं म्हणून. आक्कानं केसांतली पिन काढली, एक कान मोडला, कॅसेट फिरवली, दुसराही मोडला.

"घेऊन जातो टेप आत," ती म्हणाली, आणि दार लोटून घेतलं.

राजशेखर यंत्राच्या वायरी गुंडाळत होता. आतून बटण दाबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तो किरकिराट. तिनं कॅसेट पहिल्यापासून लावली होती. पुढे कशी सरकवायची ते तिला येत होतं. आता सरकवेल, मग सरकवेल, म्हणून तो वायर हातात धरून उभा राहिला. तिनं सरकवली नाही. पूर्ण साडेचार मिनिटं तो आवाज दाराआडून येत राहिला.